फुंकणी चुलीच्या मापाची हवी

ट्रकचा टर्बो गेला की गॅरेजमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "बसवताच आहात तर एक नंबर मोठा बसवा, गाडी पळेल." दुसरा म्हणतो, "हा घ्या जुन्या बाजारातला, निम्म्या पैशात." दोघेही तुमच्या वाईटावर नसतात. पण तुमची गाडी कुठे चालते, काय भरते, हे दोघांनीही विचारलेले नसते.

टर्बोचे काम फुंकणीचे आहे. चुलीत लाकडे कोंबली आणि हवा मिळाली नाही, तर चूल नुसती धुमसते. इंजिनात डिझेल हे लाकूड. बाहेर निघालेल्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचे एक चाक फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरते. फुंकणी फार रुंद असेल तर फुंकर विरून जाते. फार अरुंद असेल तर फुंकणाऱ्याचेच गाल दुखतात.

थोडा हिशोब करू. ५.९ लिटरची, सहा सिलिंडरची इंजिने आपल्याकडच्या ट्रकांत पुष्कळ आहेत. असे इंजिन १,५०० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण ४,४०० लिटर हवा ओढते. २,५०० फेऱ्यांवर ७,४०० च्या आसपास. टर्बो जोरात असला की हीच हवा जवळजवळ दुप्पट वजनाची होऊन आत जाते. एकाच फुंकणीने या दोन्ही वेळा सांभाळायच्या असतात. म्हणून गाडीचा जास्तीत जास्त वेळ कोणत्या फेऱ्यांवर जातो, ते पाहायचे.

तुम्हीच आठवून पाहा. चिरे भरून कुंभार्ली घाट चढताना काटा कुठे असतो? न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन बोरघाटात? बहुतेक वेळ १,२०० ते १,८०० च्या मध्ये. भरलेल्या ट्रकचे आयुष्य तिथेच जाते.

मोठा टर्बो नेमका तिथेच झोपलेला असतो. त्याचे जड चाक फिरवायला लागणारा धूर तेवढ्या फेऱ्यांवर निघतच नाही. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, डिझेल आत जाते, हवा जात नाही. मागे काळा धूर. न जळलेल्या डिझेलचे पैसे तुमचेच. हवा कमी पडली की बाहेर पडणारा धूरही जास्त तापतो, आणि त्याची झळ व्हॉल्व्हला आणि पिस्टनला बसते. वर दर चढाला एक गिअर खाली. महिनाअखेरीस ॲव्हरेज पाहिले की कळते, पण तोवर मोठा टर्बो विकणारा भेटत नाही.

लहान टर्बोचे दुखणे उलटे. सुरुवातीला पिकअप मस्त मिळतो, मालक खूश. सपाट रस्त्यावर फेऱ्या वाढल्या की धुराला बाहेर पडायला वाट पुरत नाही. इंजिन गुदमरते. टर्बोचे चाक एरवीही मिनिटाला लाखभर फेरे घेते. ते मापाबाहेर गेले की दांडा तुटण्याची भीती.

तेव्हा काय करायचे?

आधी टर्बोवरच्या पट्टीचा फोटो घ्या. त्यावर नंबर असतो. काजळीने भरली असेल तर कपड्याने पुसा, ग्राइंडर लावू नका. तो नंबर, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर घेऊन दुकानात जा. नुसते "अमुक मॉडेलचा द्या" म्हणू नका. एकाच मॉडेलच्या दोन सालांच्या गाड्यांना वेगळे टर्बो असतात. बाहेरून जुळे भाऊ दिसतात, आतली चाके आणि घराचे माप वेगळे.

गाडी बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर प्रयोगाचा विचारच सोडा. तिथे टर्बो, सेन्सर आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. एक बदलला की बाकीचे रुसतात.

आता महत्त्वाचे. गाडीत दम नाही म्हणून टर्बो बदलायला निघाला असाल तर थांबा. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. इंटरकूलरचे होज पाइप हाताने चाचपा. क्लिप ढिली असेल किंवा चीर असेल तर दाबलेली हवा तिथूनच निघून जाते. आमच्या एका गाडीचा टर्बो मी असाच बदलून बसलो होतो. दोष निघाला एका क्लिपमध्ये. घरात अजून त्यावरून टोमणे ऐकतो.

टर्बो खरेच गेला असेल, तर तो का गेला ते मिस्त्रीकडून ऐकल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. बहुतेक टर्बो ऑइल न मिळाल्याने, घाण ऑइलने किंवा फिल्टरमधून आत गेलेल्या धुळीने मरतात. ऑइल आणणाऱ्या बारीक पाइपात काजळी धरलेली असते. पाइप तोच ठेवला तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. पाइप बदला. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल आणि धातूचे तुकडे धुऊन काढा. तेच ऑइल ओढून इंजिन स्वतःच्या मर्जीने पळू लागले, तर चावी फिरवूनही बंद होत नाही.

बसवताना टर्बोत थोडे ऑइल हाताने ओतायला सांगा. ऑइलच्या भोकांपाशी सिलिकॉन नको. त्याचा एक तुकडा सुटून आत गेला तरी वाट बंद.

आणि ड्रायव्हरला समोर बसवून सांगा. सकाळी चालू केल्याकेल्या रेस नको. घाट चढून ढाब्यावर थांबलात की दोन मिनिटे इंजिन तसेच चालू राहू दे, मग चावी काढ. एवढ्या वेळात चहाची ऑर्डरसुद्धा देऊन होते.