उभ्या मालगाडीची राखण

त्या रविवारी सकाळी कठुआ स्थानकातल्या मालगाडीत कोणीच नव्हते. तारीख २५ फेब्रुवारी २०२४. खडीने भरलेल्या ५३ वाघिणी, चालक आणि सहायक दोघेही खाली उतरलेले. जम्मूकडून पंजाबकडे येताना इथे रुळांना उतार आहे. गाडी आधी हलली, मग सरकली आणि बघता बघता धावू लागली. पठाणकोट मागे पडले. पुढच्या स्थानकांवर फोन खणखणू लागले, फाटके बंद झाली, मार्ग मोकळा करण्यात आला. ताशी पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास वेग घेतलेली ती गाडी सुमारे सत्तर किलोमीटर धावली. शेवटी होशियारपूर जिल्ह्यात उच्ची बस्सीजवळ रुळांवर लाकडी ठोकळे टाकून ती थांबवली गेली.

कुणाला खरचटलेही नाही. स्थानकातून सुसाट निघून जाणाऱ्या त्या बिनचालकाच्या गाडीचा व्हिडिओ दिवसभर मोबाइलवर फिरला, काही कर्मचारी निलंबित झाले आणि आठवडाभरात विषय मागे पडला.

तो इतक्या सहज मागे पडायला नको होता. हीच चूक, अशाच उतारावर, कॅनडात एका गावाने भोगली आहे. फरक एवढाच, की त्या गाडीत खडी नव्हती.

क्वेबेक प्रांतातले लाक-मेगांतिक हे तळ्याकाठचे, सहा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. ५ जुलै २०१३ च्या रात्री तिथून साधारण अकरा किलोमीटर अलीकडे, नांत या ठिकाणी, एक मालगाडी मुक्कामाला थांबली. ७२ टँक वाघिणींमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचे सत्याहत्तर लाख लिटर कच्चे तेल होते. एवढ्या गाडीवर माणूस एकच होता, चालक. एकट्या माणसाने गाडी चालवण्याची मुभा त्या रेल्वे कंपनीला आदल्या वर्षी मिळाली होती. त्याने सात हँडब्रेक आवळले, एक इंजिन चालू ठेवले आणि टॅक्सी बोलावून झोपायला हॉटेलवर गेला. इंजिन तेल ओकत होते, धूर सोडत होते. तेलाचे थेंब टॅक्सीच्या काचेवर येत होते, असे टॅक्सीचालकाने नंतर सांगितले. आठ महिन्यांपूर्वी त्या इंजिनाची दुरुस्ती भरवशाच्या पद्धतीने न करता एपॉक्सीसारख्या पदार्थावर भागवली होती.

मध्यरात्रीच्या थोडे आधी त्याच इंजिनाला आग लागली. अग्निशमन दलाने आग विझवली आणि नियमाप्रमाणे इंजिन बंद केले. इथेच खरा घात झाला. इंजिन चालू असते तोवर त्याचा कॉम्प्रेसर ब्रेकच्या नळ्यांना हवा पुरवत असतो. ते बंद पडले की हवा हळूहळू गळते आणि इंजिनांच्या ब्रेकची पकड सैल होत जाते. दुसरे इंजिन सुरू करावे, असे तिथे कुणी सांगितले नाही. रेल्वेचा जो माणूस जागेवर आला होता, त्याला इंजिनातले कळत नव्हते. सगळे घरी गेले. तासाभरात गाडी निघाली आणि रात्री सव्वा वाजता ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने गावाच्या मधोमध असलेल्या वळणावर येऊन आदळली. ६३ वाघिणी रुळांवरून उडाल्या, साठ लाख लिटर तेल सांडून पेटले. शुक्रवारची उन्हाळी रात्र होती, रुळांजवळच्या म्युझी-कॅफेत गाणे-बजावणे चालू होते. ४७ माणसे गेली. त्यांतल्या पाच जणांचे अवशेषही हाती लागले नाहीत.

कॅनडाच्या परिवहन सुरक्षा मंडळाने वर्षभर तपास केला. एवढ्या वजनाची गाडी त्या उतारावर नुसत्या हँडब्रेकवर धरायची, तर किमान १७ आणि परिस्थितीनुसार २६ पर्यंत ब्रेक आवळायला हवे होते, असे त्यांचे गणित निघाले. चालकाने सातच आवळले होते. ते पुरेसे आहेत का, हे बघायचे तर इंजिनांचा हवेचा ब्रेक सोडून गाडी जागची हलते का ते पाहावे लागते. त्याने तो ब्रेक चालू असतानाच चाचणी घेतली, म्हणून गाडी पक्की बसल्यासारखी वाटली. पण मंडळ चालकापाशी थांबले नाही. अपघाताला हातभार लावणाऱ्या तब्बल १८ गोष्टी त्यांनी मांडल्या: कंपनीची ढिली देखभाल, अपुरे प्रशिक्षण, सरकारी देखरेखीतली कसूर, पातळ पत्र्याच्या जुन्या टाक्या, आणि ते तेल आहे त्यापेक्षा कमी ज्वालाग्राही असल्याची कागदोपत्री नोंद. चालक आणि आणखी दोन कर्मचाऱ्यांवर खटला चालला; जानेवारी २०१८ मध्ये ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडले. कंपनी तोवर दिवाळखोरीत गेलेली होती.

त्या एका रात्रीनंतर कॅनडाने नियम बदलले. धोकादायक माल असेल तर गाडीवर किमान दोन माणसे हवीत, अशी गाडी मुख्य मार्गावर वाऱ्यावर सोडता येणार नाही, जुन्या टाक्या टप्प्याटप्प्याने बाद करायच्या. तरीही ४ फेब्रुवारी २०१९ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या फील्ड या गावाजवळ, कडाक्याच्या थंडीत, धान्याने भरलेली गाडी डोंगर उतारावर हवेच्या ब्रेकवर उभी होती. हँडब्रेक लावलेले नव्हते. गोठवणाऱ्या थंडीत हवा गळत राहिली. जुन्या चमूला सोडवायला आलेले तीन रेल्वे कर्मचारी नुकतेच चढले होते. गाडी सुटली आणि तिघेही गेले. त्यानंतर, डोंगर उतारावर आपत्कालीन ब्रेक लावून थांबलेल्या गाडीचे हँडब्रेक आवळलेच पाहिजेत, असा आदेश निघाला.

भारतीय रेल्वेला ही गोष्ट परकी नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये वाडी जंक्शनवर, म्हणजे सोलापूरकरांच्या रोजच्या वाटेवर, गाडीपासून सोडवलेले विजेचे इंजिन चालकाविना निघून गेले. एका कर्मचाऱ्याने मोटरसायकलवरून तेरा किलोमीटर पाठलाग करून, त्यावर चढून ते थांबवले. एप्रिल २०१८ मध्ये ओडिशातल्या टिटलागढला इंजिन बदलत असताना अहमदाबाद-पुरी एक्स्प्रेसचे डबे प्रवाशांसकट उताराला लागले आणि दहा-बारा किलोमीटर गेले. डब्यांना ब्रेक लावायचे राहून गेले होते. मग कठुआ. तिन्ही वेळा जीव वाचले, आणि तिन्ही वेळा ते वाचवण्यात व्यवस्थेपेक्षा नशिबाचा वाटा मोठा होता.

मालगाडी घसरण्याच्या बातमीत सहसा रुळाला गेलेला तडा, तुटलेला सांधा, तापलेला धुरा किंवा वेग यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. ऑक्टोबर २०२२ मध्ये वर्धा-बडनेरा मार्गावर मालखेड आणि टिमटाळा यांच्यामध्ये कोळशाच्या वीस वाघिणी घसरल्या आणि ऐन दिवाळीत विदर्भाची वाहतूक विस्कळीत झाली. मे २०२४ मध्ये पालघरला लोखंडी कॉइल वाहणारी गाडी घसरली आणि पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांचे हाल झाले. पण उभ्या गाडीचा धोका या चर्चेत येत नाही, कारण उभी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असे सगळ्यांनीच धरून ठेवलेले असते.

हँडब्रेक लावणे म्हणजे नेमके काय, ते एकदा जवळून पाहिले पाहिजे. मालवाहू वाघिणीच्या बगलेला लोखंडी चाक असते. ते जोर लावून फिरवले की आतल्या दांड्यांमार्फत ब्रेकचे ठोकळे चाकांना घट्ट बसतात. एका वाघिणीचे झाले की पुढच्या वाघिणीकडे जायचे. कोळशाच्या ५८ वाघिणींचा रेक साडेसहाशे मीटरच्या आसपास लांब असतो. पायाखाली सपाट जमीन नसते, खडी असते. पावसाळ्याच्या रात्री, एका हातात टॉर्च घेऊन, ओल्या खडीवर पाय रुतवत आणि गंजून अडलेली चाके फिरवत हे काम करायचे. वर साखळी-कुलूप घालायचे, चाकांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या. दहा-बारा तासांच्या ड्युटीनंतर घराकडे डोळे लागलेल्या माणसाकडून हे काम पूर्ण व्हायला हवे असेल, तर त्याला त्यासाठी वेळ आणि सोबत दोन्ही द्याव्या लागतात.

नेमकी हीच सोबत कमी होत चालली आहे. मालगाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये बसणाऱ्या गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर हे नाव मिळाले; त्याचबरोबर गार्डऐवजी शेवटच्या वाघिणीला ईओटीटी हे यंत्र जोडून गाड्या चालवण्याचे प्रयोगही सुरू झाले. हे यंत्र हवेचा दाब मोजते, गाडी तुटली तर इंजिनाला कळवते. पण ते खाली उतरून पाचर ठोकत नाही. चालकांच्या संघटना लांबलेल्या ड्युट्या आणि अपुरी माणसे यांबद्दल वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. दुसरीकडे गाड्या लांब होत आहेत. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी ‘सुपर वासुकी’ ही मालगाडी साडेतीन किलोमीटर लांब होती; २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘रुद्रास्त्र’ साडेचार किलोमीटरची, ३५४ वाघिणींची धावली. विक्रमांचे कौतुक जरूर व्हावे. पण एवढी गाडी घाटाच्या तोंडाशी थांबवायची वेळ आली, तर ती कोण, किती माणसांनी आणि किती वेळात जखडणार, याचे उत्तर विक्रमाच्या आधी तयार असायला हवे.

घाटाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट अभिमानाने सांगितली पाहिजे. उतारावर सुटलेल्या गाडीचे काय करायचे, हा प्रश्न भोर घाट आणि थळ घाट बांधणाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच विचारला होता. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ. तिथे आजही कॅच सायडिंग आहेत: मुख्य मार्गातून फुटणारा, चढाकडे नेऊन सोडलेला रुळांचा तुकडा. उतरणारी गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्याशिवाय तिला पुढची वाट दिली जात नाही. सुटलेली असेल तर ती त्या फाट्यावर चढून थांबते. माणसाची चूक होणार, हे इथे गृहीत धरलेले आहे. नांतहून लाक-मेगांतिककडे जाणाऱ्या उतारावर असा एक तरी फाटा असता, तर ते म्युझी-कॅफे त्या रात्री वाचले असते. कठुआ-पठाणकोट उतारावरही सुटलेल्या गाडीसाठी असा बंदोबस्त उपयोगी पडला असता.

या सगळ्यावरून कुणी म्हणेल, की मग धोकादायक माल रस्त्याने न्यावा. ते चुकीचे ठरेल. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्यात, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर रसायनाचा टँकर उलटून पेटला, जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले आणि चार जण गेले. एक रेल्वे रेक अशा कित्येक टँकरचे काम एकट्याने करतो. भारतीय रेल्वेने २०२३-२४ मध्ये १५९ कोटी टनांच्या आसपास माल वाहिला आणि २०३० पर्यंत देशाच्या मालवाहतुकीतला वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते उद्दिष्ट योग्यच आहे. पण माल वाढणार म्हणजे यार्डात, लूप लाइनवर, ओस स्थानकांत थांबलेल्या गाड्याही वाढणार. मनमाड-पानेवाडीच्या परिसराला इंधनाच्या टँक वाघिणी नव्या नाहीत. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेलच्या गाडीच्या १८ वाघिणी पेटल्या, तेव्हा काळ्या धुराचे लोट लांबून दिसत होते. कठुआच्या गाडीत त्या रविवारी हे इंधन असते आणि उच्ची बस्सीच्या आधी ती एखाद्या गावातल्या वळणावर उडाली असती, तर आज त्या गावाचे नाव देशभर माहीत असते.

म्हणून रेल्वे मंडळाकडे तीन साध्या मागण्या कराव्याशा वाटतात. चालक उतरण्याआधी ब्रेक सोडून गाडी ओढून पाहण्याची चाचणी दोन माणसांच्या सहीने नोंदली जावी. इंधन किंवा रसायनाची गाडी उतार असलेल्या स्थानकात चालकाविना ठेवूच नये, आणि ठेवणे अटळ असेल तर ती संपूर्ण वेळ नजरेखाली असावी. आणि कठुआसारख्या घटनेचा तपास निलंबनाच्या आदेशावर संपू नये; तो कॅनडाच्या मंडळासारखा ड्युटीच्या तासांपर्यंत, रिकाम्या पदांपर्यंत आणि स्थानकाच्या उतारापर्यंत जावा, आणि अहवाल सर्वांना वाचायला मिळावा. हे सगळे अपघाताआधी व्हायला हवे, कारण नंतरचे उपाय रखडतात: लाक-मेगांतिकच्या लोकांनी अपघातानंतर रूळ गावाबाहेरून न्यावेत अशी मागणी केली. २०१८ मध्ये त्या वळणमार्गाची घोषणा झाली, मग जमिनीचे आणि पाण्याचे वाद निघाले. काम वर्षानुवर्षे रखडले आणि मालगाड्या त्याच मध्यवस्तीतून जात राहिल्या.