जुना कॅमेरा आणि 36 छायाचित्रे

आमच्या घरात आजीचे एकच छायाचित्र आहे. चुलत्यांच्या लग्नातील समूहचित्रात ती अगदी कडेला उभी आहे; पदर पुढे ओढलेला, चेहरा अर्धवट. तिच्या शेजारच्या दोन स्त्रिया कोण, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. चित्राच्या मागे कोणी नावे लिहिली नव्हती.

1868 ते 1875 या काळात ब्रिटिश राजवटीत ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात अनेक चित्रांखाली जातीचे नाव आहे, माणसाचे नाही. कॅमेरा परक्या हातात असला की असे होते. याउलट, 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रफितीवर उतरवली. तो जनसागर आज आपण पाहू शकतो, तो आपल्याच माणसाच्या हाती कॅमेरा होता म्हणून.

म्हणूनच आपल्या मुलांनी फिल्मवर छायाचित्रे काढण्याचा छंद जोपासावा, असे माझे आग्रही मत आहे. मोबाइल असताना हा उलटा प्रवास कशाला, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु मोबाइलमधील हजारो चित्रे काढताना कोणी क्षणभरही थांबलेले नसते. रोलमध्ये 36 जागा असतात. त्यांत कोणाला घ्यायचे, हे आधी ठरवावे लागते. शिवाय निगेटिव्ह हाती उरते.

कॅमेरा महाग लागत नाही. बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री एके काळी अनेक घरांत होता. 120 च्या रोलवर तो 12 चौकोनी चित्रे काढतो. 35 मिलिमीटरचे जुने कॅमेरेही जुन्या बाजारात मिळतात. घेताना लेन्सवर बुरशी नाही ना, मागचे झाकण घट्ट बसते ना, एवढे पाहावे. प्रकाशमापक बंद असला तरी अडत नाही: भर उन्हात छिद्र 16 वर ठेवावे आणि 100 आयएसओच्या फिल्मला शटरचा वेग 1/125 सेकंद द्यावा. खरा खर्च रोलचा व धुलाईचा. चार मुलांत एक रोल वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला नऊ चित्रे येतात, आणि कृष्णधवल रोल शाळेच्या प्रयोगशाळेत अंधार करूनही धुता येतो.

माझा पहिला रोल कोरा निघाला. फिल्मचे टोक स्पूलमध्ये अडकलेच नव्हते. चित्र पुढे सरकवताना रोल गुंडाळण्याची डावीकडची खुंटी फिरते का, हे पाहायचे असते. ते मला ठाऊक नव्हते. त्या रोलवर वसतिगृहातील स्वयंपाकाच्या मावशींचा निवृत्तीचा दिवस होता. महिन्याने दुसरा रोल घेऊन त्यांच्या गावी गेलो. त्या हसून म्हणाल्या, ‘गुरुजी, आता तरी मी येईन का त्यात?’ त्या आल्या. चित्रामागे त्यांचे पूर्ण नाव त्यांनीच सांगितले आणि मी पेन्सिलीने लिहिले. पंचवीस वर्षांत ते मला प्रथमच कळले.

माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, कोणाच्या कपाटात जुना कॅमेरा पडून असेल, तर तो बंद असला तरी स्नेहमेळाव्याला घेऊन यावा. पहिले दोन रोल मी देईन.