आधी चाचणी तपासा, मग आमच्या आजीला

स्मरणशक्ती तपासणाऱ्या चाचण्या आता टॅबवर आणि मोबाईलवर आल्या आहेत. पडद्यावर चित्रे दिसतात, आकडे जोडायचे असतात आणि काही मिनिटांत गुण मिळतात. स्मृतिभ्रंश लवकर ओळखावा, हा हेतू चांगलाच आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. आमचा या चाचण्यांना विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही चाचणी कोणावर पारखली?

पारखणे म्हणजे, ज्यांनी चाचणी दिली त्यांनाच तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासायचे. किती आजारी माणसे चाचणीतून सुटली आणि किती धडधाकट माणसे उगाच आजारी ठरली, हे मोजायचे. आणि हे प्रत्येक भाषेत, शिकलेल्या व न शिकलेल्या अशा दोन्हींवर करायचे.

असे न केल्यास काय होते, ते जुन्या कागदी चाचणीने दाखवले आहे. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली ३० गुणांची 'मिनी मेंटल' चाचणी वाक्य लिहायला सांगते, शंभरातून सात-सात वजा करायला लावते. आमच्या आजीने भिशीचा हिशेब आयुष्यभर तोंडी ठेवला, पण शाळा पाहिली नाही. तिचे गुण इथेच जातात. शाळा नाकारली व्यवस्थेने आणि गुण कापले आजीचे!

यावर उपाय आहे. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार झाली. तिथे सकाळ आहे की संध्याकाळ हे विचारले, वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायला सांगितले, लिहिण्याऐवजी घराबद्दल बोलायला सांगितले. म्हणजे मनात आणले तर जमते.

डिजिटल चाचणीत नवी अडचण आहे. हात थरथरतो, मोतीबिंदू असतो, पडद्याला बोट लावायची सवय नसते. यंत्र मात्र वेळ मोजत राहते. आयसीएमआरने भारतीयांसाठी चाचण्यांचा संच केला, तोही आधी पाच भाषांत. त्यात मराठी नव्हती.

म्हणून शिबिरात विचारा: ही मराठीत पारखली आहे का? न शिकलेल्यांसाठी वेगळे मापदंड आहेत का? चाचणीआधी सराव द्या म्हणा. चष्मा, कानाचे यंत्र सोबत न्या. गुण कमी आले म्हणजे आजार ठरला असे नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणे यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. पण रोजचा रस्ता चुकणे, स्वयंपाकाचा क्रम विसरणे असे घरात दिसत असेल, तर गुण चांगले आले तरी डॉक्टरांना दाखवा.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. यंत्राच्या आकड्यालाही तोच नियम लावू या.

जय भीम!