कॉक बदलण्याआधी टाकीत डोकावून बघा



आज आंब्यावर काही नाही. साका, फळमाशी, पेटीचा भाव, सगळं पुढच्या पोस्टला. आज गाडीच्या पेट्रोल कॉकवर लिहितोय, आणि थोडा रागातच लिहितोय. त्यातला निम्मा राग स्वतःवर आहे हे आधीच सांगून टाकतो.

घरात बाबांची येझदी रोडकिंग आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. रोडकिंग 1978 ला आली आणि 1996 ला कारखानाच बंद पडला. म्हणजे सगळ्यात तरुण रोडकिंगसुद्धा आज तिशीच्या आसपास आहे. 2022 ला येझदी हे नाव परत बाजारात आलं खरं, पण त्या गाड्या वेगळ्या. चार स्ट्रोकच्या, इंजेक्शनच्या. त्यांना हाताने फिरवायचा कॉक नाही. आमच्या गाडीला आहे. टाकीच्या पोटाखाली, डाव्या मांडीजवळ, बोटभर लांबीचा दांडा. चालू, बंद, रिझर्व्ह. आताच्या पोरांना रिझर्व्ह म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. बाबा एकदा रिझर्व्हवरून दांडा परत फिरवायला विसरले आणि जामसंड्याच्या अलीकडे गाडी ढकलत आले, ती गोष्ट आमच्याकडे अजून जेवताना निघते.

तर एप्रिलमधली गोष्ट. काढणी जोरात होती. गाडी मांगराच्या पडवीत उभी. आत आढी लावलेली, आढीखाली सुकं गवत, बाजूला पेट्या आणि रद्दीचे गठ्ठे. पहाटे मांगर उघडला तर पेट्रोलचा भपकारा. गाडीखाली जमीन काळी झालेली आणि ती ओल गवताच्या कडेपर्यंत पोचलेली. राखणीचा गडी तोंडात बिडी धरून काडेपेटी चाचपत माझ्या मागून येत होता. मी कसा ओरडलो मला आठवत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरकत जाते. पडवीत नुसता भपकारा होता असं म्हणायचं आणि ठिणगी पडली असती तर आतली पूर्ण आढी गेली असती. माणसाचं तर बोलायलाच नको.

आई एवढंच म्हणाली, "गवत पेटला असता तर काय करतलस?" उत्तर नव्हतं.

मेकॅनिककडे नेली. त्याने कॉककडे बघितलं न बघितलं. "दादा, जुनो काढून नवो घालूया. धा मिनटाचा काम." काढला, नवा घातला, खरंच दहा मिनिटं लागली. मी पण खुश. काढणीत कोणाला वेळ असतो? तीन आठवड्यांनी नवा कॉक गळायला लागला. आता बोला.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. जुन्या गाडीचा कॉक गळला की "बदलून टाक" हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. बदलायला हरकत आहे म्हणून नाही, तर आजार बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो म्हणून.

आंबा उतरल्यावर मी दोन्ही कॉक घेऊन बसलो. रचना अगदी साधी आहे. दांड्याच्या मागे एक गोल चकती, तिच्यात खाच. तिच्या समोर चार भोकांची रबरी किंवा बुचाची गास्केट. मागून लाटेसारखी वाकलेली स्प्रिंग वॉशर चकतीला गास्केटवर दाबून धरते. दांडा फिरवला की खाच दोन भोकं जोडते. एका भोकाची वाट टाकीत उभ्या असलेल्या उंच नळीतून येते, ते 'चालू'. दुसऱ्याची टाकीच्या तळाजवळून, ते रिझर्व्ह. म्हणजे रिझर्व्ह ही काही वेगळी टाकी नाही, नळीच्या तोंडाखाली उरलेलं तेच पेट्रोल. खाली एक वाटी असते, तिच्यात पाणी आणि कचरा बसतो.

नव्या कॉकची वाटी उघडली तर तळाला गंजाचा तांबूस गाळ, नाचणीच्या पिठासारखा. गास्केटवर ओरखडे, चकतीवर ओरखडे. टाकीतला गंज खाली उतरत होता आणि दर वेळी दांडा फिरवला की तो दोन्ही सपाट अंगांमध्ये पॉलिश पेपरसारखा घासला जात होता. असला गंज सोन्याचा कॉक बसवला तरी त्याला खाईल. देवगडात खारा वारा, पावसाळ्यात चार महिने ओल, टाकी अर्धी रिकामी ठेवलेली. रिकाम्या भागात दमट हवा, तिचं पाणी पत्र्यावर. हे कोणी केलं? मीच केलं. बाबा पावसाळ्यापूर्वी टाकी बघायचे. मी तीन वर्षं बघितली नव्हती.

इथे इथेनॉलचा विषय निघणारच. पेट्रोलमधलं इथेनॉल 2022 च्या मध्यापर्यंत देशात सरासरी 10 टक्क्यांवर गेलं, 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. घाटावरच्या ऊसवाल्या भावांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर माझ्या पोटात दुखत नाही, मीही शेतकरीच आहे. सगळा दोष इथेनॉलवर टाकून मोकळं व्हायचाही माझा विचार नाही. पण जुनं रबर आणि जुनं बूच या पेट्रोलसाठी बनवलेलं नव्हतं, हेही खरं. काही रबरं त्यात फुगतात, वाळली की कडक होतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतात. तळाला म्हणजे कुठे? रिझर्व्हच्या भोकाशी. जुन्या गाड्या अजून लाखोंनी रस्त्यावर आहेत. त्यांनी काय बदलून घ्यावं हे पंपावर एका पाटीवर लिहायला काय हरकत होती, एवढंच माझं म्हणणं.

आता काय केलं ते सांगतो.

आधी गळती नक्की कुठे आहे ते शोधलं. बाहेरून पुसून कोरडं केलं आणि दांड्याभोवती, वाटीच्या सांध्याला, टाकीच्या सांध्याला रद्दीचे कपटे लावले. जो कपटा भिजला तो गुन्हेगार. बाहेर सगळं कोरडं, पण 'बंद' केल्यावरही पेट्रोल जात असेल, तर नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तिचं तोंड कोरड्या काचेच्या बाटलीत सोडायचं, मोकळ्या जागेत. रात्रभरात थेंब जमला तर आतली गास्केट गेली. ही दुसरी गळती जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. कार्ब्युरेटरची सुईही झिजलेली असेल तर पेट्रोल इंजिनात उतरतं. आमच्या टू स्ट्रोकला सकाळी किक दगडासारखी लागते, बुलेटसारख्या गाडीत ते ऑइलमध्ये मिसळून ऑइल पातळ करतं.

मग टाकी सोडवली. अंगणात, चुलीपासून लांब, पत्र्याच्या डब्यात पेट्रोल काढलं. टाकीत मूठभर धुतलेली बारीक खडी आणि पाणी घालून हलवली, हात भरून आले. मग व्हिनेगर घालून एक दिवस ठेवली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात कडकडीत वाळवली आणि लगेच आतून टू-टी ऑइल फिरवलं. लगेच म्हणजे लगेच, उघडा पत्रा आमच्याकडे एका रात्रीत लाल होतो.

कॉकची चकती काचेवर 1000 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थेंबभर तेल टाकून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत सपाट केली. जोर लावायचा नाही. गास्केट व्हायटन रबराची कापून घेतली, भोकं तंतोतंत जुळवली. कोल्हापूरला ओ-रिंग, ऑइल सीलच्या दुकानात व्हायटनची शीट मिळते. साध्या रबरापेक्षा महाग आहे, पण इथेनॉलला टिकतं. स्प्रिंग वॉशर चपटी झाली होती, ती नव्या कॉकमधली काढून घातली. म्हणजे त्या नव्या कॉकचा एवढा तरी उपयोग झाला.

बूच लावायला जुने लोक सांगतात. वाईट नाही, उकळत्या पाण्यात टाकलं की बूच फुगतं आणि घट्ट बसतं. पण टाकी रिकामी राहिली की ते वाळून आक्रसतं आणि पुन्हा गळतं. पावसात गाडी उभी ठेवणाऱ्याला बूच परवडत नाही.

सिलिकॉनची पेस्ट मात्र लावू नका. पेट्रोलमध्ये तिचे लोळे सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात. वाटेत टाकीच्या पत्र्यातून गळायला लागलं तर अंगाचा साबण चोळा, पेट्रोलने साबण विरघळत नाही. घरी पोचण्यापुरतं चालतं, नंतर साबण लावूनच महिनाभर फिरायचं नाही.

आणि जुनाच ठेवा असा माझा हट्टही नाही. बॉडीला चीर असेल, आटे गेले असतील, नखात अडकेल एवढा खोल ओरखडा असेल, तर भावनेत अडकू नका, फेकून द्या. बाबांचा असला तरी. फक्त नवा आणला की बसवण्याआधी उघडा, आतलं रबर बघा, शंका आली तर तिथेच बदला. माझ्या नव्या कॉकमधली गास्केट बोटाने वाकवली तर मोडली.

हेच पॉवर स्प्रेच्या इंजिनाला लागू आहे. शेवटची फवारणी झाली की पंप तसाच टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात जातो आणि मोहोराच्या पहिल्या फवारणीला दोरी ओढून ओढून खांदा निघतो. त्यालाही तोच कॉक, तीच वाटी, तोच गाळ. काल त्याचीही वाटी उघडली. नाचणीचं पीठ तिथेही होतं.

येझदीखाली लावलेली बाटली सलग चार रात्री कोरडी आहे. पावसाळ्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करून आतून ऑइल फिरवलंय, दांडा बंदवर आहे. गाडी आता मांगरात नाही. विहिरीकडच्या खोपीत एकटी उभी आहे, आणि खोपीची चावी आईने स्वतःकडे ठेवली आहे.