घाईचा डाव, सावकाशीचा हिशेब

दिवाळीच्या रात्री जेसल पार्कात पत्ते निघतातच. भाईंदर पूर्वेच्या या खाडीकाठच्या वस्तीत मराठी, गुजराती, मारवाडी शेजारी एकत्र बसतात आणि बहुतेक ठिकाणी तीन पत्तीच रंगते. तिथे पान न बघता ‘ब्लाइंड’ चाल लावणाऱ्याला वाहवा मिळते. तीच सवय घेऊन तरुण मुलं पोकरला बसतात आणि फसतात.

नेहमी घडणारा एक डाव पाहा. हातात बदामाचा एक्का आणि बदामाची दश्शी आहे. टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत आणखी दोन बदाम आहेत, म्हणजे पाचवा बदाम पडला की फ्लश. मध्ये 600 टोकन जमलेली असताना समोरचा 300 टाकतो. चार बदाम बघूनच खेळणाऱ्याला उकळी फुटते आणि तो सगळी टोकनं पुढे सारून मोकळा होतो.

आता हिशेब. न दिसलेली पानं 47, त्यांत बदाम 9. पुढच्याच पानाला बदाम येण्याची शक्यता सुमारे 19 टक्के, उरलेली दोन्ही पानं बघायला मिळाली तर सुमारे 35. नुसती बरोबरी करायची तर 300 देऊन 1,200 च्या ढिगासाठी खेळायचं, म्हणजे चारात एकदा जिंकलं पाहिजे. समोरच्याची ही शेवटचीच 300 असतील तर बरोबरी करणं रास्त आहे, कारण दोन्ही पानं त्याच किमतीत दिसतील. पण त्याच्यापुढे अजून मोठा ढीग असेल तर पुढच्या पानानंतर तो पुन्हा पैसे मागणार. मग 19 टक्क्यांवर 300 टाकताना, बदाम पडल्यावर तो आणखी किती देईल याचाही अंदाज हवा. पानं तीच, रक्कम तीच, तरी उत्तर बदललं! प्रश्न फक्त एक होता: समोरच्याकडे किती उरलंय? तो विचारायला दहा सेकंद पुरली असती.

खरी अडचण पुढे येते. घाई करूनही बदाम पडतो, ढीग घरी येतो आणि चूक शहाणपण म्हणून मिरवते. अमेरिकी पोकरपटू अ‍ॅनी ड्यूक यांनी 2018 च्या ‘थिंकिंग इन बेट्स’ या पुस्तकात याच खोडीवर बोट ठेवलंय: निर्णयाची प्रत निकालावरून ठरवायची नसते. हरलेला डाव माणूस निदान आठवतो तरी. घाईने जिंकलेला डाव कुणीच तपासत नाही, म्हणून तोच जास्त घातक.

सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात; तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. पुढे पैशांच्या ऑनलाइन पोकरवाल्यांनीही कौशल्याचीच ढाल पुढे केली. पण मोबाइलवर एक डाव संपताच दुसरा वाटला जातो, आधीच्या डावाकडे वळून बघायला उसंतच नसते. ज्या खेळात विचाराला वेळ नाही, तिथे कौशल्य कागदावरच राहतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. घरोघरची बचत या अ‍ॅपांत वाहून जात होती, हे पाहता तो निर्णय योग्यच आहे.

बंदीने पैसा थांबेल, घाई नाही. शेअर बाजारात ‘टिप’ येताच बटण दाबणारा हात हाच आहे. म्हणून मुलांना पत्त्यांपासून दूर हाकलू नका. पैशांऐवजी चिंचोके ठेवा, दर डावानंतर पानं उघडी करून दोन मिनिटं बोला आणि ‘जिंकलास का?’ याच्या आधी ‘हे का टाकलंस?’ असं विचारा.