भिंतीवरची हजेरी

मुलांनो,

मागच्या महिन्यात आमच्या चौथीची सहल रायगडला गेली होती. परतीच्या वाटेवर माणगावला एसटी थांबवली. पोरांची तोंडं चिक्कीनं चिकट झालेली, आणि ओरडून ओरडून माझा घसा बसलेला. माणगावात एका सैनिकाचा पुतळा आहे. तो मुलांना दाखवायचा, हे मी निघतानाच ठरवलं होतं.

"हे यशवंतराव घाडगे," मी म्हटलं. "आपल्याच रायगड जिल्ह्यातले, याच माणगाव तालुक्यातले. लढाईत गेले तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते."

"बाई, मग यांची समाधी कुठाय?" एकीनं विचारलं.

"समाधी नाही."

"म्हणजे बांधलीच नाही?"

"ते सापडलेच नाहीत, बाळा."

एवढा वेळ दंगा करणारी गाडी एकदम गप्प झाली. मग एकानं हळूच विचारलं, "सापडलेच नाहीत, तर मग त्यांना नमस्कार कुठे करायचा?"

खरं सांगते, चांगलं उत्तर तेव्हा मला सुचलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, दोन-चार दिवस वाचत बसले, आणि मग वर्गात सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी यशवंतरावांची गोष्ट. साल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं आणि लाखो भारतीय तरुण इंग्रजांच्या सैन्यात भरती होऊन दूरदूरच्या देशांत लढत होते. यशवंतराव पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत नायक होते. (नायक म्हणजे सिनेमातला नव्हे हं. तो सैन्यातला हुद्दा आहे. एका छोट्या तुकडीचा तो प्रमुख.) इटलीत टायबर नावाची नदी आहे. १० जुलैला तिच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला, त्यांची तुकडी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

ते मागे वळले नाहीत. थेट मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, आणि तिथल्या एकाला गोळी घातली. तेवढ्यात बंदुकीचं मॅगझिन रिकामं झालं. (हे मॅगझिन म्हणजे तुमच्या हातात आहे ते नव्हे. गोळ्या भरलेली डबी असते ती.) ते बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दांडक्यासारखी चालवून उरलेल्या दोघांना संपवलं. ठाणं हाती आलं, पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. तिथंच ते धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजांच्या सैन्यात याहून मोठा मान नव्हता. १९४५ साली दिल्लीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो स्वीकारला.

एवढा मोठा मान, पण देह कुठे आहे याची नोंद नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजकाल आपला जवान गेला की त्याला तिरंग्यात लपेटून गावी आणतात, सगळा गाव गोळा होतो. मग तेव्हा का नाही आणलं? इंग्रजांनी पहिल्या महायुद्धातच एक नियम केला होता. जो जिथं पडेल त्याला तिथंच ठेवायचं, कुणालाही घरी न्यायचं नाही. कारण श्रीमंताचा मुलगा पैसे भरून घरी आला असता आणि गरिबाचा तिकडेच राहिला असता. हा नियम सगळ्यांना पटला असं मुळीच नाही. इंग्लंडमधल्या कितीतरी आयांनी 'आमची मुलं आम्हाला द्या' म्हणून हजारो सह्यांचा अर्ज केला होता. त्यांचंही काय चुकलं? पण नियम बदलला नाही.

या थडग्यांची देखभाल करायला १९१७ साली एक मंडळ स्थापन झालं. आज त्याला कॉमनवेल्थ युद्धस्मशान मंडळ म्हणता येईल. दीडशेहून जास्त देशांत मिळून सुमारे सतरा लाख मृतांची नोंद ते सांभाळतं. सेनापती असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. ख्रिस्ती सैनिकाच्या दगडावर क्रूस असतो, तर हिंदू, मुसलमान आणि शीख सैनिकांच्या दगडांवर त्यांच्या त्यांच्या धर्माची अक्षरं. परक्या देशात, परक्या फुलझाडांच्या मध्ये एका दगडावर देवनागरीतला 'ॐ' दिसला, तर कसं वाटेल हो?

पण दगड लावायचा तर खाली कुणीतरी हवं ना? जे सापडलेच नाहीत त्यांचं काय?

इथं तुमच्या ओळखीचा एक माणूस येतो. मोगलीची गोष्ट लिहिणारे रुडयार्ड किपलिंग आपल्या मुंबईतच जन्मले होते, १८६५ साली. त्यांचा मुलगा जॉन. त्याची नजर अधू म्हणून सैन्यात घेत नव्हते, तेव्हा वडिलांनीच ओळखी लावून त्याला भरती केलं. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. वय अठरा. आईवडिलांनी इस्पितळं धुंडाळली, परत आलेल्या शिपायांना गाठून विचारलं. काही कळलं नाही. पुढे किपलिंग याच मंडळावर गेले. ज्यांचे देह सापडले पण ओळख पटली नाही, अशांच्या दगडावर काय लिहायचं, ते शब्द त्यांनीच सुचवले. हा कोण हे देवाला ठाऊक आहे, असा त्यांचा अर्थ. १९३६ साली किपलिंग गेले, तोवर मुलगा सापडला नव्हता. १९९२ साली मंडळानं एका अनोळखी दगडावर जॉनचं नाव घातलं. तो जॉनच का, यावर जाणकारांनी नंतर बराच वाद घातला.

आणि ज्यांचा देहसुद्धा मिळाला नाही, त्यांच्यासाठी भिंती उभारल्या. बेल्जियममधल्या ईप्र गावात मेनिन गेट नावाची मोठी वेस आहे. तिच्यावर ५४,००० हून जास्त बेपत्ता सैनिकांची नावं आहेत, त्यांत भारतीयही आहेत. १९२८ पासून तिथं रोज रात्री आठ वाजता रस्त्यावरची वाहतूक थांबवतात आणि गावच्या अग्निशामक दलाची माणसं बिगूल वाजवतात. दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात होतं, तेवढाच खंड पडला. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल इथं तर खास भारतीयांसाठी गोल स्मारक आहे. तिथं ४,७०० हून अधिक नावं आहेत, ज्यांना थडगं मिळालं नाही अशांची.

यशवंतरावांचं नाव इटलीत कसिनोच्या स्मारकावर आहे. रोमच्या दक्षिणेला डोंगरावर एक जुना मठ आहे, त्याच्या पायथ्याशी हे युद्धस्मशान. तिथं चार हजारांवर बेपत्तांची नावं कोरली आहेत. वर्गात नकाशा लावला तेव्हा एकानं लगेच पकडलं, "बाई, टायबरचं खोरं तर रोमच्या वर आहे. मग नाव एवढ्या खाली का?" शाब्बास! इटलीतल्या लढायांत जे जे हरवले त्यांची नावं या एकाच ठिकाणी गोळा केली आहेत, म्हणून. ज्यांचं दहन झालं त्या हिंदू-शीख जवानांची नावं वेगळ्या दहनस्मारकांवर आहेत. इटलीत एकूण ५,७८२ भारतीय कामी आले.

मी मुलांना म्हटलं, ही भिंत म्हणजे आपलं हजेरीपत्रक समजा. मूल वर्गात नसलं तरी त्याचं नाव आपण खोडत नाही. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण नावच लिहायचं राहिलं तर?"

पालकहो, हा प्रश्न तुमच्यासाठीही आहे. कारण असं खरोखरच झालं आहे. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. तिकडे बसरा इथं मोठं स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्यांची नावं आली. हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांचीही आली. पण हजारो साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा! २०२१ साली त्या मंडळानंच चौकशी करून अहवाल छापला. आफ्रिकेतले, आशियातले निदान १,१६,००० लोक असे निघाले की त्यांचं नाव नाही किंवा काहीच खूण नाही. खरा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असेल, असं अहवाल म्हणतो. मंडळानं जाहीर माफी मागितली. आता राहिलेली नावं शोधायचं काम चालू आहे. मला विचाराल तर शंभर वर्षं हा फार उशीर झाला. तरी माफी मागून गप्प बसण्यापेक्षा नावं शोधतायत, हे बरं.

आमच्या शाळेतले एक सर म्हणाले, "इंग्रजांच्या लढाईत मेले, त्यांचं एवढं काय?" मी वाद घातला नाही. पण मला त्या पोराचं घर दिसतं. माणगावच्या बाजूचं कौलारू घर, शेतात भाताची लावणी चाललेली, आणि महिन्याकाठी येणाऱ्या मनिऑर्डरीची वाट बघणारी माणसं. लढाई कुणाची होती याचा हिशेब मोठ्यांनी जरूर करावा. त्या बावीस वर्षांच्या मुलाकडून तो मागू नये.

इटलीतल्या लोकांनी तो मागितला नाही. टायबरच्या त्याच खोऱ्यात मोंतोने नावाचं गाव आहे. २०२३ साली त्या गावानं यशवंत घाडग्यांच्या नावानं स्मारक उभारलं. माहीत आहे कसलं? सूर्यघड्याळ! आपण शाळेच्या मैदानात काठी रोवून करतो ना, तसलंच, फक्त दगडी आणि देखणं. आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचं वाक्य त्यावर लिहिलं आहे.

तेव्हा नमस्कार कुठे करायचा, या प्रश्नाला आता माझ्याकडे दोन-तीन उत्तरं आहेत. पुण्याच्या मुलांसाठी तर एक फार जवळ आहे. खडकीला असंच युद्धस्मशान आहे. तिथं आपल्याकडे येऊन मेलेल्या परदेशी सैनिकांची सोळाशेच्या वर थडगी आहेत. दूर कुठेतरी त्यांचीही आई असेल, जिला इथवर कधी येता आलं नसेल. तिथं गेलात तर पळू नका, ओरडू नका. फुलं तोडू नका, नेलीत तर ठेवून या. दगडावरचं वय वाचा. बहुतेक तुमच्या मोठ्या दादाएवढं असेल.

आणि कोकणातल्या, साताऱ्याकडच्या मुलांना एक काम. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं बऱ्याच गावांत दगडी पाट्या लावल्या होत्या. या गावातून इतकी माणसं लढाईला गेली आणि त्यांतली इतकी परत आली नाहीत, एवढंच त्यांवर लिहिलेलं असतं. नाव एकही नाही. तुमच्या गावात चावडीवर, देवळाच्या भिंतीत किंवा शाळेतच अशी पाटी आहे का, ते बघा. चुन्याखाली झाकली असेल तर मोठ्यांना विचारून ओल्या फडक्यानं हलकेच पुसा. खिळ्यानं खरवडू नका! मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीकडे किंवा आजोबांकडे जा आणि विचारा, हे कोण होते? कुणाच्या घरात जुनं बिल्ल्यासारखं पदक असेल, कुणाच्या ट्रंकेत पेन्शनचा कागद. नाव, गाव, पलटण, जेवढं कळेल तेवढं वहीत लिहा आणि सांगणाऱ्याचंही नाव पुढे लिहा. युद्धस्मशान मंडळाची यादी नावानं शोधता येते. आईबाबांना किंवा दादा-ताईला सोबत घेऊन तुमचं नाव तिथं आहे का, ते बघा. नसलं, तर पुराव्यासकट मंडळाला कळवता येतं.

आमच्या वर्गातल्या एकानं कामाला सुरुवातही केली आहे. त्याच्या गावच्या पाटीवर परत न आलेल्यांचा आकडा तीन आहे. आत्तापर्यंत त्याला दोन नावं मिळाली आहेत. तिसऱ्यासाठी तो रविवारी पलीकडच्या वाडीत जाणार आहे. तिथं एक आजी आहेत, त्यांना म्हणे सगळ्या गावाच्या सात पिढ्या पाठ आहेत.

तुम्हाला काय सापडलं ते मला लिहून पाठवा.

तुमच्या,
बाई