कच्चं गणित कोणाचं?



वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मढ. तिथल्या कोळीवाड्यात आठवी-नववीच्या मुलामुलींशी गप्पा चालल्या होत्या. पुढे काय शिकणार, असं विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "ताई, माझं गणित कच्चं आहे." बाकीच्या मुलींनीही माना डोलावल्या. मुलांचे गुणही काही फार नव्हते. पण ते म्हणाले, "अभ्यास केला नाही, म्हणून." मुलगे अभ्यासाला दोष देत होते, मुली स्वतःच्या डोक्याला.

हीच मुलगी सुट्टीत आईबरोबर मासळीबाजारात बसते. गिऱ्हाइकाने दीडशेचे दोन वाटे आणि ऐंशीचा एक घेतला, पाचशेची नोट दिली. हिने एकशेवीस परत दिलेसुद्धा. तोच व्यवहार आम्ही वहीत मांडला: ५०० − (२ × १५० + ८०). कंस पाहताच तिने पेन खाली ठेवलं.

तिची आई ओल्या बोंबलाची टोपली घेतानाच ठरवते, वाळल्यावर किती उरेल, मजुरी नि टेम्पोचं भाडं धरून कोणता भाव परवडेल. तरी ती म्हणते, "मला कुठलं गणित? मी शाळा शिकले नाही." बाईच्या घरकामाला जसं काम म्हणत नाहीत, तसं तिच्या हिशोबाला गणित म्हणत नाहीत. लेक ते ऐकतच वाढते.

हे मढपुरतं नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक छोटा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. व्यवहारातली ९८ टक्के उदाहरणं मुलांनी बरोबर सोडवली. तीच आकडेमोड कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. अमेरिकेतल्या २०१७ च्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली बायकांनाही 'खूप खूप हुशार' मानत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र तसं कमी मानू लागल्या होत्या. शाळेत मुलींना चांगले गुण मिळतात, हे ठाऊक असूनही! म्हणजे न्यूनगंड गुणपत्रिकेतून येत नाही, तो आसपासच्या बोलण्यातून मुरतो.

पण म्हणून बाजारातलं गणित पुरे, असं आपण म्हणू नये. कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. एका ठिकाणचं गणित आपोआप दुसरीकडे जात नाही, असंच त्यात दिसलं. बाजारातली मुलं शाळेच्या गणितात अडली, शाळेतली मुलं बाजारातल्या. मध्ये पूल बांधावा लागतो. आणि बोटीच्या कर्जाचं व्याज, सोसायटीचा ताळेबंद हे कागदावरच असतं. ते वाचता आलं नाही, तर मासळी विकणार बाई आणि सही करणार पुरुष, हे बदलणार कसं?

राज्याच्या २०२४ च्या अभ्यासक्रम आराखड्यात, दहावीला गणितात पस्तीसपेक्षा कमी पण किमान वीस गुण असले तरी पुढे जाण्याची वाट सुचवली गेली. मात्र मग गणित-विज्ञानाचे विषय सोडायचे. नापासाचा शिक्का टळणं चांगलंच. पण 'मला जमतच नाही' असं आधीच मानून बसलेल्या किती मुली या वाटेने मुकाट्याने बाहेर पडतील, यावर आपण लक्ष ठेवलं पाहिजे.

आपल्या हातात काय आहे? बचतगटाची वही एकदा लेकींकडून लिहून घेऊ. आधी हिशोब तोंडी, मग कागदावर, मग कंस घालून. शिक्षकांना विनंती करू, की एखादा तास आयांना बोलवा आणि वाट्यांचा हिशोब फळ्यावर मांडा. आणि आपणही 'माझं गणित कच्चं' हे हसत हसत म्हणणं बंद करू. आपण हसतो, मुली मात्र ते खरं मानतात.